टाका मोठा पडला

तीन लिप्यांत लिहिलेलं, हात लावू नका.
त्यातली मराठी पाटी साडेअकराला आली,
ओल्या डिंकाची.

व्हॅक्सिन डेपोच्या झाडांना दोरच दोर,
दोरांवर वाकळा.
पाटीवर कौदी, माझ्या तोंडात वाकळ,
गोधोळीकडच्या सिद्दी बायका म्हणतात कवंदी.
मी शहापूरचा बोंगाळे टेलर.
अडतीस वर्षं कापड कापलं,
उरलं ते पोत्यात भरलं.
महिन्याला एक बाई यायची, किलोवर न्यायची.
पोतं कुठं जातं, कधी विचारलं नाही.
न्हावी विचारतो काय,
केसांचं पुढं काय झालं?

शिंपी कापड आधी उलटून बघतो,
सुलटी बाजू खोटं बोलते.
म्हणून दोरांच्या मागच्या अंगानं फिरलो,
जिथं ऊन वाकळांतून गाळून येत होतं
आणि टाक्यांची भोकं चाळणीसारखी उजळली होती.
एकीचा टाका तांदळाएवढा, रांगेत.
एकीचा मधेच वळलेला.
तिथं कुणी हाक मारली असेल,
दूध उतू गेलं असेल.

"काय बघूलालाय एवढं, मामा?"
कॅतरीन सिद्दी, खानापूरच्या रानातली.
तिनं चारी कोपऱ्यांना घड्यांची फुलं लावलेली.
फूल नसलं की वाकळ नागडी, म्हणाली,
आणि शेवटचं ठिगळ बसवायच्या आधी
आत चिमूटभर तांदूळ.
उपाशी वाकळ ऊब देत नाही.
मी मनात माझी सगळी गिऱ्हाइकं आठवली.
एकाच्याही कोटाच्या पोटात
मी काही ठेवलं नव्हतं.

पुढच्या दोराशी बैलहोंगलची बाळव्वा.
"बर्री, नोड्री."
मराठी तिला पैशापुरतं येतं,
कानडी मला मापापुरतं.
तिच्या कौदीचा एक कोपरा उसवलेला.
आतला थर दिसत होता.
भगवा.
भगव्याला लागून लाल, लालाला लागून पिवळा.

ओळखलं की मी.
गावात बंद होता तेव्हा, चार दिवस.
शटर अर्धं ओढून
दिवसा ह्यांचे झेंडे शिवले, रात्री त्यांचे.
मशीन तेच, दोरा तेवढा बदलायचा.
दोन्हीकडचे निम्मे पैसे अजून यायचेत.
कातरण गेलं एकाच पोत्यात.

मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलावं.
घसा खाकरला.
"हे तुम्ही मुद्दामच..."
बाळव्वा म्हणाली, झेंड्याचं कापड पातळ,
वर लावलं तर वर्षात फाटतंय,
म्हणून आत घातलं.
आणि गिरमिटाचा द्रोण पुढं केला.
मी खाल्लं.
कांदा चांगला होता.

पाचला माईक खरखरला, बक्षिसं सुरू झाली,
सगळे तिकडं पळाले.
माझ्या कॉलरच्या आत सुई असतेच,
दोरा ओवलेली, अडतीस वर्षांची खोड.
पाटीकडं पाठ केली आणि तो कोपरा धरला.
तीन टाके.
भगवा आत गेला, लाल आत गेला,
पिवळ्याची एक शेंडी बाहेर राहिली,
ती बोटानं ढकलली.

बाळव्वा परत आली.
चष्मा पुसला, लावला,
अंगठ्यानं कोपरा चाचपला.
"होलिगि दोड्डदात्री," म्हणाली,
मग माझ्यासाठी मराठीत,
टाका मोठा पडला.
आणि नखानं उसवायला बसली.

मी दुसरं टोक धरून उभा.
स्पीकरवर कुणाचं तरी नाव
तिसऱ्यांदा चुकीचं पुकारत होते.
तिचंच असावं.
तिनं मान वर केली नाही.